त्याग कोणाचा?

आपल्या भाषेत 'त्याग' या शब्दाइतका मान फार थोड्या शब्दांस मिळाला असेल. सत्कारसमारंभ असो, पुण्यतिथी असो, की एखाद्या चरित्रग्रंथाची प्रस्तावना असो, त्यागाचा उल्लेख झाला की श्रोते माना डोलावितात, वाचक मनोमन हात जोडतात. आणि तो त्याग कशाचा होता, कशासाठी होता, विशेषतः त्याची किंमत कोणी दिली, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. असे विचारणे काहीसे अप्रशस्त वाटते. देवापुढे ठेवलेल्या नैवेद्याचे तांदूळ कोठून आणले, अशी चौकशी करण्यासारखेच ते आहे. तथापि ते तांदूळ शेजाऱ्याच्या कणगीतून त्यास न विचारता काढून आणले असतील, तर ही चौकशी अप्रशस्त न राहता आवश्यक होते. प्रस्तुत लेखात आम्ही हाच प्रश्न ख्रिस्ती श्रद्धेतील त्याग व समर्पण या कल्पनांस अनुलक्षून विचारणार आहो.

ख्रिस्ती धर्म यासाठी निवडण्याचे कारण उघड आहे. ज्या धर्माचे चिन्हच क्रूस आहे, त्या धर्मात आत्मार्पणाची कल्पना परिघावर नसून मध्यबिंदूवर असणार. शिवाय हा धर्म आम्हां कोल्हापूरकरांस दूरचा नाही. १८५२ साली रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी सहकुटुंब या शहरी येऊन राहिले, त्यास आता पावणेदोनशे वर्षे होत आली. त्यांच्या नावाचे प्रार्थनामंदिर आजही येथे उभे आहे, आणि मिरजेचे वान्लेस इस्पितळ तर या बाजूच्या घराघरास माहीत आहे. ख्रिस्ती मताच्या सत्यासत्यतेचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नव्हे. त्या श्रद्धेने जगलेल्या, आपल्यातच जन्मलेल्या काही माणसांची चरित्रे पाहून एका नैतिक प्रश्नाचा उलगडा होतो का, एवढेच पाहावयाचे आहे. तो प्रश्न मात्र ख्रिस्ती, हिंदू, किंवा कोणताच धर्म न मानणारा अशा सर्वांसच सारखा लागू आहे.

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानी घेऊ. त्याग आणि समर्पण हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. परंतु त्यांचे मनोधर्म भिन्न आहेत. त्याग वस्तूचा असतो. मनुष्य धन सोडतो, पद सोडतो, गाव सोडतो. सोडलेल्या वस्तूंची यादी करता येते, आणि यादी करता येते म्हणूनच तिची बेरीजही करता येते. येशूच्या शिष्यांतील अग्रणी जो पेत्र, त्याने एकदा आपल्या गुरूस असेच विचारले होते की आम्ही सर्व काही सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हांस काय मिळणार? हा प्रश्न विचारणारा मनुष्य ढोंगी नव्हता. त्याने जाळी व होडी खरोखरीच सोडली होती. पण सोडलेल्या होडीची आठवण त्याच्या मनातील खतावणीत अजून जमेस धरलेली होती. समर्पण म्हणजे ही खतावणीच देऊन टाकणे होय. आपल्याकडे नवविधा भक्तीत आत्मनिवेदन अगदी शेवटी ठेविले आहे, त्याचे मर्मही आम्हांस हेच दिसते. श्रवण, कीर्तन, अर्चन, वंदन हे सर्व करणारा 'मी' शिल्लक असतो. नवव्या पायरीवर तो करणाराच वाहिला जातो. ख्रिस्ती संतांनी आपली इच्छा देवाच्या इच्छेत मिळविण्याविषयी जे लिहून ठेविले आहे, ते याहून फारसे वेगळे नाही.

येथवर बहुतेकांचे एकमत होईल. यापुढे मात्र वाट बिकट आहे. समजा, एखाद्याने आपली खतावणी खरोखरच देऊन टाकली. फळाची आशा नाही, मानाची अपेक्षा नाही, अहंकाराचा लेश नाही. तेवढ्याने त्याचे समर्पण निर्दोष ठरेल काय? आमच्या मते ठरणार नाही. कारण त्या खतावणीत केवळ त्याचेच खाते होते, असे गृहीत धरण्यास काही आधार नाही. संसारी मनुष्याच्या वहीत बायकोचे खाते असते, मुलांचे असते, वृद्ध आईबापांचे असते. आपली वही म्हणून जी तो देवाच्या पायांशी ठेवतो, तीत दुसऱ्यांच्या ठेवीही गुंतलेल्या असतात. त्या देण्याचा अधिकार त्यास कोणी दिला?

जुन्या करारातील अब्राहामाची कथा सर्वश्रुत आहे. देवाने मागितला म्हणून तो आपला पुत्र इसहाक यास बळी देण्यास निघाला, आणि ऐनवेळी देवानेच त्याचा हात आवरला. आपल्याकडील श्रियाळ-चांगुणेची कथा हिची बहीणच शोभेल. तीत तर हात आवरला जात नाही, बाळ चिलया उखळात कांडला जातो, आणि मग अतिथीच्या कृपेने परत उभा राहतो. हरिश्चंद्राने वचनपूर्तीसाठी तारामतीस व रोहिदासास विकले. या कथा ऐकताना आपला कंठ दाटतो तो कोणासाठी? पित्याच्या निष्ठेसाठी, राजाच्या सत्यासाठी. इसहाकास त्या डोंगरावर काय वाटले असेल, तारामतीस बाजारात उभे राहताना काय वाटले असेल, याकडे पुराणिकाचे लक्ष क्वचितच जाते. डेन्मार्कचा तत्त्वज्ञ कीर्केगार्ड याने १८४३ साली 'भय आणि कंप' या ग्रंथात अब्राहामाच्या या कृत्याचा फार खोल विचार केला, व श्रद्धेच्या शिखरावर नीतीचे नित्याचे नियम तहकूब होऊ शकतात काय, असा प्रश्न उभा केला. त्या ग्रंथाच्या मागे त्याचे स्वतःचे दुःख होते, हेही प्रसिद्ध आहे. दोन वर्षांपूर्वी, १८४१ साली, त्याने रेगीने ओल्सेन या तरुणीशी झालेला आपला वाङ्निश्चय मोडला होता. आपण आपल्या प्रियतमेचा त्याग केला, असे त्यास वाटे. परंतु वाङ्निश्चय मोडू नये म्हणून ती तरुणी विनवणी करीत होती. त्याने स्वतःचे सुख दिले हे खरे. त्याच हाताने त्याने तिचेही दिले, आणि ते मात्र त्याचे नव्हते.

आता ख्रिस्ताच्या शिकवणुकीत या प्रश्नाचे उत्तर काय सापडते ते पाहू. शुभवर्तमानात 'कुर्बान' या प्रथेचा एक प्रसंग आहे, त्याकडे व्हावे तितके लक्ष जात नाही. त्या काळच्या यहुदी समाजात एखाद्याने आपली मालमत्ता 'कुर्बान', म्हणजे देवास वाहिलेली, असे म्हटले की ती आईबापांच्या पोषणास लावण्याच्या बंधनातून तो सुटत असे. येशूने या चालीवर कडक टीका केली. आईबापांचा हक्क बुडवून देवास अर्पण करणारे लोक माणसांच्या परंपरेपायी देवाची आज्ञाच रद्द करतात, असा त्याचा आक्षेप होता. हा आक्षेप किती दूरवर जातो पाहा! देवास दिलेले दान, केवळ देवास दिले एवढ्याने शुद्ध होत नाही. ते मुळात ज्याचे देणे होते, त्यास ते न पोचल्यामुळे ते दानच राहत नाही. देवळाच्या पेटीत आपली सारी उपजीविका, म्हणजे दोन टोल्या, टाकणाऱ्या विधवेची त्याने स्तुती केली, ती मात्र याच्या उलट कारणासाठी. त्या दोन टोल्या सर्वस्वी तिच्या होत्या.

ख्रिस्ताच्या शेवटच्या रात्रीच्या हकिकतीतही हेच सूत्र आम्हांस दिसते. गेथशेमाने बागेत त्याने आपल्यावरचा दुःखाचा प्याला टळावा अशी आधी प्रार्थना केली, व मग पित्याच्या इच्छेपुढे मान तुकविली. समर्पणाचे उदाहरण म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. त्यानंतर लगेच जे घडले ते मात्र सहसा सांगितले जात नाही. योहानाच्या वृत्तान्ताप्रमाणे, शिपाई धरावयास आले तेव्हा त्याने स्वतःस पुढे केले, आणि तुम्हांस मी हवा असेन तर या माझ्या सोबत्यांना जाऊ द्या, असे त्यांस सांगितले. आपले प्राण देण्यास निघालेल्या या पुरुषाने आपल्याबरोबर अकरा जणांचे प्राण देऊ केले नाहीत. पुढे क्रुसावर असताही आपल्या आईस त्याने एका शिष्याच्या हवाली करून तिच्या पुढील निर्वाहाची व्यवस्था लाविली. ज्या समर्पणास ख्रिस्ती जग सर्वांत थोर मानते, त्यात दुसऱ्याचा वाटा इतक्या काळजीने बाजूस काढून ठेवलेला आहे.

हाच विवेक आपल्या देहूच्या वाण्याने दाखविला होता. तुकोबांच्या घरी पिढीजात सावकारी होती. दुष्काळात सर्व होरपळून निघाल्यावर त्यांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडविण्याचे ठरविले, ही गोष्ट लहान मुलांसही ठाऊक असते. परंतु परंपरागत चरित्रात पुढे जो तपशील येतो, तो आम्हांस मूळ गोष्टीइतकाच मोलाचा वाटतो. बंधू कान्होबा यांनी विचारले, तुम्ही विरक्त झालात, माझ्या संसाराचे काय? तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन भाग केले, कान्होबांचा भाग त्यांस दिला, आणि केवळ आपल्या वाट्याची खते पाण्यात टाकली. सर्वच खते बुडविली असती तर कीर्तनात ती कथा अधिक रंगली असती. पण तो अर्धा त्याग चोरीचा ठरला असता. याच तुकोबांच्या संसारात जिजाईचा वाटा मात्र असा मोजून बाजूस काढला गेला नाही, हेही आपण जाणतोच. लोककथांनी तिला कजाग ठरविले. भुकेल्या मुलांसाठी बोलणाऱ्या बाईस कजाग म्हणणे हे आपल्या भक्तिभावाचे एक फार जुने कर्ज आहे.

तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा आशयाचे उद्गार काढणारे कवी म्हणजे नारायण वामन टिळक. आमच्या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रात कोणते असेल, तर ते टिळक दांपत्याचे होय. कोकणातील करजगाव येथे १८६१ साली जन्मलेले हे चित्पावन ब्राह्मण, विद्वान, वक्ते व कवी. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार वाचावयास दिला, आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी याचा अर्थ काय होता, हे आजच्या वाचकास सांगितले पाहिजे. जात गेली, घर गेले, नातलग गेले, आणि ज्या समाजात मान होता तेथे निंदा वाट्यास आली. हे सर्व टिळकांनी जाणूनबुजून पत्करले. त्यांच्या त्यागाविषयी कोणास शंका घेण्याचे कारण नाही. पुढे १९१७ साली मिशनचा पगारही सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली, 'देवाचा दरबार' स्थापिला, आणि १९१९ च्या मे महिन्यात देह ठेविला.

परंतु त्या १८९५ च्या फेब्रुवारीत दुसरेही एक आयुष्य उलटेपालटे झाले. टिळकांची पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळी सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या होत्या. पदरी लहान मुलगा होता. पतीने घेतलेल्या निर्णयात त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. एका दिवसात त्या सौभाग्यवती असून पतीवाचून झाल्या. सुमारे चार-साडेचार वर्षे हा वियोग चालला. नातलगांच्या आश्रयाने राहावयाचे, लोकांचे बोल ऐकावयाचे, आणि ज्या श्रद्धेसाठी हे सर्व घडले ती श्रद्धा मात्र आपली नव्हे! टिळकांपाशी निदान त्यांचा ख्रिस्त तरी होता. लक्ष्मीबाईंच्या हाती काय होते? त्याग टिळकांच्या नावे मांडला गेला, आणि त्याचा मोठा हप्ता भरला लक्ष्मीबाईंनी.

पुढे जे घडले त्यामुळे आमचा प्रश्न सुटत नाही, परंतु त्यावर प्रकाश पडतो. लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या, त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. आपले सोवळे, आपले देव, आपला आचार सांभाळूनच त्या नगरकडे येऊन राहिल्या. हळूहळू, स्वतःच्या विचाराने, मनुष्यामनुष्यांतील जातीची भिंत देवाने घातलेली नाही असे त्यांच्या मनाने घेतले. ती भिंत त्यांच्यापुरती पडली. आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९५ साली जे त्यांच्याकडून हिसकले गेले होते, तेच त्यांनी १९०० साली स्वतःच्या हाताने दिले. बाहेरून पाहणारास दोन्ही प्रसंगी हानी एकच दिसेल: जात गेली, माहेर दुरावले. नीतीच्या दृष्टीने मात्र या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिला तोटा होता, दुसरे समर्पण होते. समर्पणाचे सारे मूल्य देणाराच्या स्वाधीनतेत आहे. स्वाधीन नसलेल्या माणसाकडून त्याग घडत नाही. त्याच्यावर आघात घडतो.

१९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रां'त लक्ष्मीबाईंनी या सर्वाची हकिकत सांगितली आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंचे हे पुस्तक मराठी गद्याचे भूषण मानले जाते, ते योग्यच आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याची थोरवी आणखी एका गोष्टीत आहे. पतीचा उदारपणा, त्यांचे विसराळूपण, घरातील पैसा बघताबघता कोणा गरजवंताच्या हाती जाणे, हे सर्व त्यांनी हसतखेळत सांगितले आहे. परंतु काही लपविलेले नाही. पतीवर अपार प्रेम, आणि तरीही आपल्या वाट्यास काय आले याची चोख नोंद, अशी ही दुहेरी निष्ठा आहे. थोर पुरुषाच्या त्यागाची दुसरी पावती त्यांनी लिहून ठेविली. आणि टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे बहुतांशी पुरे केले तेही याच बाईंनी!

येथे एक रास्त आक्षेप येईल. कोणी म्हणेल, प्रत्येकाने बायकोमुलांची संमती घेईपर्यंत थांबावयाचे ठरविले, तर जगात एकही मोठे कार्य होणार नाही. टिळक थांबले असते तर कदाचित जन्मभर थांबावे लागले असते. बुद्धाने यशोधरेस जागे केले असते तर तो गेला असता काय? खुद्द ख्रिस्तानेही, जो आपल्या आईबापांवर माझ्याहून अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही, अशा अर्थाचे कठोर शब्द उच्चारले आहेत. आणि याकोब व योहान हे बंधू आपला पिता जब्दी यास होडीतच सोडून त्याच्यामागे गेले. या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. अंतरीची हाक आली असता ती नाकारणे म्हणजे स्वतःशी बेइमानी करणे होय, आणि बेइमान मनाने केलेला संसार बायकोमुलांस तरी कितीसा सुखाचा होणार? मार्काने मात्र एक लहानसा तपशील टिपून ठेविला आहे. जब्दी होडीत एकटा राहिला नव्हता. त्याच्याबरोबर मजूर होते. त्याचे काम अडणार नव्हते.

तेव्हा आमचे म्हणणे असे नाही की ज्याच्या समर्पणाने इतरांस झळ लागेल त्याने समर्पणच करू नये. झळ अटळ असते; माणसे वेलीसारखी एकमेकांत गुंतलेली असतात, एक उपटली की दुसरी हलते. आमचे म्हणणे इतकेच की ती झळ आपल्या पुण्याच्या खाती जमा करू नये. तिला कर्ज समजावे. टिळकांस जावेच लागले असेल. पण जाणे त्यांचे कर्तव्य होते, म्हणून लक्ष्मीबाईंचे देणे फिटले असे होत नाही. देवाच्या नावाने घेतलेले कर्ज देव फेडीत नाही. घेणाऱ्यासच ते फेडावे लागते, प्रेमाने, धीराने, आणि ज्याचे घेतले त्याच्या वेळेने. पत्नी आपल्या आचाराने राहणार असेल तर राहू द्यावी, तिच्या मनाची वाट तिलाच शोधू द्यावी, हे जे टिळकांच्या उत्तरायुष्यात दिसते, ते आम्हांस त्यांच्या १८९५ मधील धैर्याहून कमी मोलाचे वाटत नाही. धैर्य काही दिवसांचे होते. ही परतफेड वर्षानुवर्षांची होती.

या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. दुसऱ्याचे आपण देऊ नये, हे जसे खरे, तसेच आपले आपण कोणाच्या हाती देत आहो, हेही पाहिले पाहिजे. देवास वाहिलेले मन वाटेत माणसेच पळवून नेतात, असा अनुभव सर्व धर्मांत आहे. पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने फार बोधप्रद आहे. १८८३ साली इंग्लंडात वाँटिज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी त्या परदेशात, परावलंबी, एका लहान मुलीच्या विधवा आई होत्या. आश्रय देणाऱ्या भगिनीमंडळाने त्यांच्याकडून नम्र आज्ञाधारकतेची अपेक्षा करावी, हे त्या काळास धरूनच होते. परंतु सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार, जो १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, वाचावा म्हणजे कळेल की ही स्त्री देवापुढे जितकी नम्र होती तितकीच माणसांपुढे ताठ होती. देवाने दिलेली बुद्धी धर्मगुरूंच्या हवाली करण्यास त्यांनी साफ नकार दिला. पटेल ते मानले, न पटेल त्यावर वाद घातला. आहारातही आपला शाकाहार सोडला नाही. अनेकांस ही गर्विष्ठता वाटली. आम्हांस वाटते की समर्पणाची खरी कसोटी येथेच आहे. जो देवास वाहिलेला आहे तो पुन्हा कोणा संस्थेस, पुढाऱ्यास वा गुरूस वाहता येत नाही. एकच वस्तू दोघांस विकता येत नाही. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात, १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलीबायांसाठी याच ताठ मानेच्या बाईने उरलेले आयुष्य वेचले. १९२२ साली त्या निवर्तल्या.

मुलांचा प्रश्न मात्र रमाबाईंच्या थोर आयुष्यातही होताच. आई अमेरिकेत असता चिमुकली मनोरमा काही काळ इंग्लंडात त्या भगिनींजवळ राहिली. मिशनरी कुटुंबांत तर हे नित्याचेच होते. मुले शिक्षणासाठी समुद्रापार ठेवावी लागत, कित्येक येथल्याच मातीत निजली. आमच्या कोल्हापुरात १८६३ साली जन्मलेला वाइल्डर यांचा पुत्र रॉबर्ट पुढे अमेरिकेतील विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीचा एक प्रवर्तक झाला. १८८६ साली मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात परदेशी जाऊन सेवा करण्याच्या प्रतिज्ञेवर शंभर तरुणांनी आपली नावे घातली, त्यात त्याचा पुढाकार होता. बापाने निवडलेली वाट मुलाने स्वतः होऊन पुन्हा निवडली. अशा वेळी बापाच्या त्यागातील मुलाचा वाटा मुलानेच आपला म्हटला, आणि कर्ज फिटले. परंतु प्रत्येक मुलगा रॉबर्ट होत नाही, आणि तसा झाला नाही म्हणून त्यास दोष देण्याचा अधिकार बापास नाही.

मिरजेस १८९४ साली इस्पितळ उघडणारे डॉक्टर विल्यम वान्लेस १८८९ पासून १९२८ पर्यंत या भागात राबले. त्यांचे नाव घेताना लोकांस त्यांनी सोडून आलेला देश आठवत नाही. त्यांनी बरे केलेले डोळे व वाचविलेले जीव आठवतात. समर्पणाचे हे लक्षण आम्हांस फार समाधानकारक वाटते. काय सोडले हे विसरले जावे, आणि काय दिले तेवढे उरावे. पौलाने आपल्या एका पत्रात म्हटल्याचा भावार्थ असा की सर्वस्व वाटून टाकले, देहही जाळावयास दिला, आणि प्रीती नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. प्रीती म्हणजे तरी काय? समोरचा मनुष्य आपल्या साधनेचे साधन नसून, आपल्यासारखाच देवापुढे स्वतंत्रपणे उभा असलेला जीव आहे, याची जाणीव. ती असेल तर आपण त्याचा वाटा आपल्या नैवेद्यात ढकलणार नाही.

हा विचार केवळ संतांच्या व मिशनऱ्यांच्या उपयोगाचा आहे असे कोणी समजू नये. आपल्या मध्यमवर्गीय घरांतही त्यागाची देवघेव रोज चालू असते. कोणी देशकार्यास वाहून घेतो, कोणी साहित्यास, कोणी विद्येस, कोणी एखाद्या गुरुमहाराजांस. आणि स्वयंपाकघरात कोणीतरी डब्याच्या तळाचे पीठ खरवडीत असते. एका मुलाच्या शिक्षणासाठी दुसऱ्या मुलीचे शिक्षण थांबते, आणि आम्ही मोठा त्याग करून मुलास शिकविले, असे आईबाप अभिमानाने सांगतात. त्या मुलीस कोणी विचारले होते काय? स्त्रीस त्यागमूर्ती म्हणण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. परंतु ज्या मूर्तीस नाही म्हणण्याची मुभा नाही, तिच्या होकाराला तरी काय किंमत? अशा घरात ज्याच्या नावाने पाटी लागते त्याने दिवसातून एकदा तरी स्वतःस विचारावे की मी जे दिले म्हणतो, त्यात माझे किती आणि घरातल्यांचे किती. उत्तर अडचणीचे आले तर कार्य सोडावे असे नाही. घरी जाऊन, ज्यांचे घेतले त्यांचे ऐकून घ्यावे. तुकोबांनी खते पाण्यात टाकण्यापूर्वी भावाचा प्रश्न ऐकून घेतला होता. इंद्रायणी तोवर थांबली होती.